म्हातारी मोटार आणि तरुण टायर

बैलगाडीच्या चाकाला मध्ये तुंबा असतो, त्यातून निघालेले आरे असतात आणि या सगळ्या संसाराला बाहेरून आवळून धरणारी एक लोखंडी पट्टी असते. तिला मराठीत फार समर्पक नाव आहे. ते म्हणजे धाव. गोवऱ्यांच्या आगीत ती लालभडक तापवायची, तापून फुगली की चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड चर्रकन आकसते आणि लाकडाला मगरमिठी घालते. इंग्रजांनी याच पट्टीला ‘टायर’ म्हटले. हा शब्द ‘अटायर’, म्हणजे पोशाख, या शब्दापासून आला असे व्युत्पत्तिकार मानतात. एकाच वस्तूत आपल्या सुताराला चाकाची धाव दिसली आणि इंग्रजाला चाकाचा पोशाख दिसला!

मराठी शिकवणाऱ्या माणसाने एवढ्यावरच थांबावे आणि पुढचे मोटारवाल्यांवर सोपवावे हे उत्तम. परंतु २०२४ सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी, थोरल्या बहिणीच्या घरी, हा ‘धाव’ की ‘पोशाख’ हा वाद माझ्यासमोर प्रत्यक्ष उभा राहिला. वादाचा विषय होता एका जुन्या शर्यती बाण्याच्या मोटारीचे टायर, आणि पणाला लागली होती माझ्या भाचीची वरात.

आमचे भाऊजी हृदयरोगाचे डॉक्टर. तीस वर्षे त्या देशात राहिले, पण त्यांना ना दारूचा शौक, ना गोल्फचा. शौक एकच, एमजीबी नावाची मोटार. त्यांची गाडी १९६६ सालची; बाटलीसारखी हिरवी, दोनच आसनांची, कापडी टप मागे दुमडून आकाशाखाली हाकायची. ही जात १९६२ पासून १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात तयार होत असे आणि तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. राजेरजवाड्यांची ती मोटार नव्हे. शाळामास्तर, कारकून, तरुण डॉक्टर अशा पगारदार माणसांना परवडणारी ती चैन होती. इंजिन १७९८ सीसीचे, वेग फारच ताणला तर ताशी शंभर मैलांच्या थोडा वर. आज आपल्या रस्त्यावरची साधी घरगुती मोटारही तिला मागे टाकील, पण त्या गाडीच्या तारांच्या चाकांवर ऊन पडले की लहान मुलेच काय, म्हाताऱ्या बायकासुद्धा थांबून पाहतात.

भाचीचे लग्न ऑगस्टमध्ये ठरले होते. तिची एकच मागणी होती. विधी आटोपल्यावर नवऱ्या मुलाने ही गाडी हाकायची, तिने शेजारी बसायचे आणि तीस मैलांवरच्या जेवणाच्या ठिकाणी जायचे. वाटेत हमरस्ता, म्हणजे ताशी साठ-पासष्ट मैलांचा वेग आलाच. भाऊजींनी महिनाभर आधी गाडी घासूनपुसून लख्ख केली. टायरांना काळे पॉलिश लावले. मला मोठ्या अभिमानाने म्हणाले, “बघा मास्तर, नक्षी कशी कोरीव आहे! अजून सहा मिलिमीटर खोल. इथल्या कायद्याला एक पूर्णांक सहा दशांश पुरते.”

आता जुन्या पोथ्या चाळणाऱ्या माणसाला एक खोड असते. अक्षर कितीही सुवाच्य असो, तो आधी शेवटचे पान उलटतो आणि पोथी कोणत्या शकात लिहिली ते पाहतो. टायरच्या अंगावरही बरेच वाङ्मय असते. मी गुडघ्यांवर बसून ते वाचू लागलो. कंपनीचे नाव, आकार, वजनाचा आकडा हे सगळे बाहेरच्या बाजूला. परंतु जन्मतिथी पुष्कळदा एकाच बाजूला कोरलेली असते आणि ती नेमकी आत गेलेली असते. विजेरी घेऊन मी गाडीखाली डोके घातले, तेव्हा लंबगोलात चार आकडे दिसले, २३०९. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरांनी नुकतीच पंधरा वर्षे पूर्ण केली होती.

मग डिकीतले पाचवे चाक काढले. त्यावर तीनच आकडे आणि शेजारी एक इवलासा त्रिकोण. २००० सालापूर्वी आकडे तीनच असत, आणि त्रिकोण म्हणजे १९९० नंतरचे दशक. हा टायर १९९७ सालचा निघाला. नवरीपेक्षा दोन वर्षांनी वडील! गंमत अशी की या जादा चाकाला भाऊजी अजूनही ‘स्टेपनी’ म्हणतात आणि त्यांचे इंग्रज शेजारी तोंडाकडे पाहत राहतात. वेल्समधील लानेली गावाच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ साली जादा चाकाचा धंदा सुरू झाला, त्यावरून पडलेले हे नाव. इंग्रज ते केव्हाच विसरले. आपण मात्र निष्ठेने जपले आहे.

“पण झिजले कुठे आहेत?” भाऊजींचा प्रश्न रास्त होता. वर्षाकाठी गाडी तीनचारशे मैल चालते, पावसात बाहेर पडत नाही, हिवाळाभर पांघरूण घालून झोपते. रोजच्या मोटारीचा टायर घासून मरतो. हौसेच्या मोटारीचा टायर घासतच नाही, तो वयाने मरतो आणि मरताना चेहरा तरुणाचा ठेवतो. सारा घात होतो तो इथेच.

रबराच्या झाडाचा चीक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या गुंतवळ्या. चार्ल्स गुडइयरला १८३९ साली उमगले की गंधकाबरोबर तापवले की या गुंतवळ्यांना अधूनमधून गाठी बसतात आणि उन्हाने पाघळणारे, थंडीने तडकणारे रबर चिवट होते. परंतु गाठी मारण्याचे आणि धागे तोडण्याचे काम कारखान्यातच संपत नाही. हवेतला प्राणवायू ते पुढे वर्षानुवर्षे चालवत राहतो. रबर हळूहळू कडक होते, ओल्या रस्त्याला धरून ठेवण्याचा त्याचा गुण ओसरतो. दुसरा शत्रू ओझोन. तो ताणलेल्या रबराला बारीक भेगा पाडतो. यावर उपाय म्हणून टायरच्या मिश्रणात मेण आणि संरक्षक द्रव्ये घातलेली असतात. चाक फिरते, टायर लवतो, तसे हे मेण पृष्ठभागावर येत राहते. गाडी उभीच राहिली तर ते पुरेसे वर येत नाही. म्हणजे विश्रांतीने माणूस टिकतो तसा टायर टिकत नाही. आणि सर्वांत भयंकर झीज डोळ्यांना दिसतच नाही. आतल्या थरांचे एकमेकांशी असलेले चिकटणे सैल होते. वेग आणि उष्णता वाढली की एखाद्या दिवशी वरची सबंध नक्षी सालीसारखी सोलून निघते.

ही भीती कल्पनेतली नाही. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात संगीतोत्सवाहून परतणाऱ्या एका बसचा पुढचा टायर फुटला, बस झाडावर आदळली आणि तीन माणसे दगावली. तपासात निघाले की तो टायर एकोणीस वर्षांहून जुना होता. त्यात गेलेल्या एका तरुणाच्या आईने पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये बस आणि मालमोटारींच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुना टायर चालवण्यास बंदी आली. खाजगी मोटारींना मात्र ही अट लावलेली नाही. उलट २०१८ च्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या मोटारींना तिथली वार्षिक तपासणीही माफ आहे. म्हणजे ज्या गाडीला वैद्याची गरज सर्वांत जास्त, तिलाच वैद्याकडे जाण्याची सक्ती नाही! सारा भार मालकाच्या विवेकावर.

भाऊजी गप्प होते. तेवढ्यात चहा घेऊन आलेली ताई शांतपणे म्हणाली, “पंधरा वर्षांपूर्वीच्या गोळ्या बाटलीत शिल्लक आहेत, रंगही उडालेला नाही. द्याल का हो तुमच्या पेशंटला?”

निकाल लागला. परंतु जुने काढायचे हे ठरले, तरी नवे कोणते घालायचे हा प्रश्न उरलाच. जुन्या मोटारींच्या दर्दी मंडळींत या बाबतीत तीन पंथ आहेत, आणि त्यांच्यातली कडवेपणाची मात्रा आमच्या शुद्धलेखनवाल्यांना लाजवील अशी.

पहिला पंथ सोवळ्यातला. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिली पाहिजे असे त्याचे मत. या गाडीचा मूळ टायर ५.६० × १४ मापाचा, म्हणजे रुंदी पाच पूर्णांक सहा दशांश इंच आणि चाकाचा व्यास चौदा इंच. जात ‘क्रॉसप्लाय’. त्यात सुताचे थर एकमेकांना तिरपे छेदत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातात. शिंप्याने तिरपा बेतलेला कपडा जसा ताणला की वाकडातिकडा होतो, तसा हा टायर वळणावर अंग मुरडतो. त्याची पकड कमी, तो तापतो लवकर, रस्त्यावरच्या चाकोरीत शिरला की बाहेर निघायला कुरकुरतो. पण त्याचा एक गुण मान्य करायला हवा. तो घसरतो तेव्हा सांगून घसरतो. असे टायर आजही नव्याने तयार होतात. युद्धापूर्वीच्या मोटारींना तर तेच शोभतात.

दुसरा पंथ नव्याचा. या पंथातले लोक म्हणतात, टायर जितका रुंद तितका चांगला. १९५ मिलिमीटर रुंदीचे, साठ टक्के उंचीचे टायर घ्या, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल. हे गणित मी कागदावर मांडले. मराठीच्या प्राध्यापकालाही इतका गुणाकार येतो. या टायरच्या भिंतीची उंची १९५ चे साठ टक्के, म्हणजे ११७ मिलिमीटर. गाडीला योग्य अशा १६५ मापाच्या टायरची उंची ऐंशी टक्के धरली तर १३२. म्हणजे गाडी दीड सेंटिमीटर जमिनीकडे बसणार, चाकाचा घेर सुमारे पाच टक्क्यांनी घटणार. वेगाचा काटा शंभर दाखवील तेव्हा गाडी खरी पंचाण्णवानेच चालत असेल आणि इंजिन मात्र शंभराचे कष्ट करील. वर सुकाणूला यंत्राची मदत नाही. गाडी उभी करताना रुंद टायर वळवायचे म्हणजे मनगटाची तालीमच. टायर वळणावर मडगार्डला घासण्याचाही संभव. आणि ज्या सांध्यांची, ज्या तारांच्या चाकांची रचना बेताच्या पकडीसाठी झाली, त्यांच्यावर जादा ताण पडणार तो वेगळाच. साठीच्या माणसाला विशीतल्या पैलवानाचे पाय जोडले, तर कंबर कुणाची मोडेल?

तिसरा पंथ मध्यममार्गी. जात ‘रेडियल’, पण माप जुने. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने या रचनेचे पेटंट १९४६ साली घेतले आणि १९४९ मध्ये असा टायर बाजारात आणला. यात धागे तिरपे नसून काठापासून काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली कमरपट्टा असतो. भिंत मऊ राहून धक्के सोसते आणि पट्टा नक्षीला रस्त्यावर सपाट ठेवतो. म्हणजे दोन कामे दोघांनी वाटून घेतली. क्रॉसप्लायमध्ये एकाच सुनेने स्वयंपाकही करायचा आणि पाहुण्यांशी बोलायचेही!

सोवळ्या पंथाला येथे एक पुरावा निरुत्तर करतो. या गाडीच्या काळातच कारखाना मालकांना १५५ × १४ मापाचा रेडियल जादा पैसे घेऊन देत असे आणि १९६५ साली आलेल्या तिच्या बंद टपाच्या भावंडाला १६५ मापाचे रेडियल होते. म्हणजे रेडियल हा पाखंड नव्हे. तो मूळ संहितेतलाच पाठभेद आहे. १६५ चा पाठ भाऊजींनी स्वीकारला.

तरी बाजारात सावध राहावे लागलेच. १६५ × १४ मागितले की दुकानदार चटकन एक टायर काढून देतो. त्याच्या मापापुढे ‘सी’ हे अक्षर असते. तो मालवाहू व्हॅनचा. जाड भिंतीचा, वजन पेलणारा आणि हलक्या गाडीला दगडासारखा. दुसरे पाहायचे ते वेगाचे अक्षर. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, ‘एच’ म्हणजे २१०. गाडीचा अंतिम वेग सुमारे १६५ असल्याने ‘एस’ पुरतो, ‘एच’ मिळाला तर उत्तम. तिसरे, चारही टायर एका जातीचे हवेत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय लावले तर पुढचे पाय रोवून उभे राहतात आणि मागचे सुटतात. गाडी गर्रकन फिरते. ब्रिटनच्या कायद्यानेही हे मना आहे. आणि चौथे, जन्मतिथी. जुन्या मापांचा खप थोडा, त्यामुळे दुकानातला ‘नवा’ टायरही फळीवर वर्षे काढून आलेला असू शकतो. पैसे मोजण्यापूर्वी ते चार आकडे वाचून घ्यावेत.

मिशेलिन, पिरेली यांसारख्या मोठ्या कंपन्या जुन्या मोटारींसाठी जुन्या नक्षीचे टायर आजच्या रबरात तयार करतात, हे मला तिथे कळले. हॉलंडची व्रेडेस्टाइन कंपनीही असे टायर करते, आणि ती २००९ साली आपल्या अपोलो टायर्सने विकत घेतली आहे. भाऊजींनी कोणते घेतले ते सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची.

टायर चढवायला आम्ही गावाबाहेरच्या एका लहानशा कारखान्यात गेलो. तिथले म्हातारे मिस्त्री तांब्याच्या तोंडाच्या हातोड्याने चाकाची दोन कानांची चावी ठोकून काढत. लोखंडाच्या हातोड्याने तिचा चेहरा बिघडतो. तारांच्या चाकात आत ट्यूब लागतेच, कारण प्रत्येक तार चाकाच्या कडेला भोक पाडून बसवलेली; त्या साठ भोकांतून हवा थोपणार कशी? मिस्त्रींनी तारांच्या टोकांवर नवी पट्टी गुंडाळली. मग नव्या टायरच्या पोटात हात घालून आतली कागदी चिठ्ठी खरवडून काढली. “ही राहिली तर घासून घासून ट्यूबला भोक पाडते,” त्यांनी सांगितले. ट्यूबाही नव्या आणि रेडियलच्याच घेतल्या. निघताना त्यांनी बजावले की पहिले शंभर मैल सबुरीने हाका, साच्यातून सुटण्यासाठी लावलेला बुळबुळीत लेप जायला तेवढे लागतात. आणि डिकीतला पाचवा बदलल्याशिवाय त्यांनी आम्हाला हलू दिले नाही.

ते शंभर मैल भाऊजींनी आणि जावईबापूंनी मिळून हाकले. वरात ठरल्याप्रमाणे निघाली. हमरस्त्यावर पाऊस आला, टप वर चढवला आणि तीस मैलांनंतर दोघे हसत उतरली. सांगण्यासारखे काही घडले नाही, हेच सांगण्यासारखे. टायरांकडे कुणीही पाहिले नाही. भाऊजी तेवढे वाकून एकदा हात फिरवून आले.

आपल्याकडे जुन्या मोटारींची हौस थोड्यांची. मुंबई-पुण्याच्या मिरवणुकींत त्या दिसतात. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नोंदणीचा नियम केला, आणि अशा गाड्या रोजच्या वापरासाठी नव्हेत हेही त्यात आले. म्हणजे इथेही टायर घासणार नाहीत, नुसते म्हातारे होतील. आणि आपल्या उन्हात ते लवकर होतील, कारण उष्णता प्राणवायूच्या हाताला वेग देते.

पण वाचकहो, हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाही. सोसायटीच्या आवारात दादांची मोटार उभी असते. मुलगा परदेशी, गाडी महिन्यातून एकदा देवळापर्यंत, आणि दिवाळीच्या सुटीत मात्र सगळे कुटुंब तिच्यात बसून एक्स्प्रेस हायवेने गावी निघते. नक्षी शाबूत आहे असे म्हणून आपण निर्धास्त असतो. एकदा विजेरी घेऊन ते चार आकडे वाचावेत. पाच-सहा वर्षे झाली असतील तर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे, दहा झाली असतील तर रूपावर न भाळता निरोप द्यावा. स्टेपनीला विसरू नये.

तेवढ्यात विजेरी हातात आहेच, तर स्वयंपाकघरातही जावे. शेगडीमागच्या गॅसच्या रबरी नळीवरही वर्ष छापलेले असते, आणि तीही पाच वर्षांनी बदलायची असते. तीसुद्धा बाहेरून नवीच दिसते.